'इन्स्टॉल' : एक परीक्षण

पुस्तकांची परीक्षणं पुस्तक न वाचता लिहिली जातात, असा आपल्याकडे एक समज आहे. मी आज जिचं परीक्षण करणार आहे ती कृती मी नुसती वाचलेली नाही, तीन रात्री भोगलेली आहे. तिचं नाव 'इन्स्टॉल'. मुखपृष्ठ नाही, किंमत नाही, अर्पणपत्रिका नाही. 'गिट' नावाच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड उतरवून घेतला की त्या गठ्ठ्यात ही लहानशी फाइल आपसूक येते.

गिटचं काम साधं आहे. आपण "हे जपून ठेव" म्हणून सांगितलेला मजकुराचा प्रत्येक टप्पा ते सांभाळतं. नंतर तुम्ही कितीही खोडाखोड करा, जुना टप्पा मागितला की जसाच्या तसा हजर. लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलं. लिनक्सची मंडळी त्याआधी 'बिटकीपर' नावाचं दुसऱ्याचं सॉफ्टवेअर वापरत होती. त्याची फुकट सोय बंद झाली आणि घरमालकाने जागा खाली करायला सांगितल्यावर माणूस जसा हातपाय हलवतो, तसं काही दिवसांत गिट उभं राहिलं. ब्रिटिश बोलीत 'गिट' म्हणजे नकोसा, हेकट माणूस. आपण सगळ्याला स्वतःचंच नाव देतो, आधी लिनक्स आणि आता गिट, असं टोरव्हाल्ड्स स्वतःच गमतीने म्हणाले आहेत.

आता या भानगडीत मी कसा पडलो? अण्णा गेले तेव्हा, दिवस झाल्यानंतर एका रात्रीत मी त्यांच्यावर लेख लिहिला. सकाळी ही म्हणाली, "इतकं रागीट दाखवू नका हो, लोक काय म्हणतील?" राग काढला. थोरल्या भावाने तंबाखू काढायला लावली. संपादकांनी जागेअभावी अण्णांची सायकल काढली. उरला तो कुठल्याही पतपेढीच्या भिंतीवर टांगता येईल असा एक सत्पुरुष. पहिला खर्डा शोधला, तर मी प्रत्येक वेळी त्याच फाइलवर लिहीत गेलेलो!

माझा पुतण्या या क्षेत्रातला. तो म्हणाला, "काका, गिट घ्या. एका ओळीत तयार मिळतं."

"तयार नको," मी म्हणालो. "आमच्याकडे गहू आणून, निवडून, गिरणीतून दळून आणतात."

"काका, गेली दहा वर्षं काकू पिठाचं पाकीट आणते."

ही माहिती मला नवीन होती. पण शब्द गेला होता, आणि मी गहू आणले.

'इन्स्टॉल'ची सुरुवात मात्र लोभस आहे. साधारणतः 'मेक' म्हणा, मग 'मेक इन्स्टॉल' म्हणा, की झालं. शिवाय सांगितलं नाही तर हे सॉफ्टवेअर तुमच्या स्वतःच्याच फोल्डरात राहतं, सगळ्या यंत्रावर हक्क सांगत नाही. पाहुणा असावा तर असा! पण समीक्षकाने 'साधारणतः' या शब्दापाशी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. हाच शब्द आमचे रिक्षावालेही वापरतात.

पहिल्या रात्री 'झेडलिब' अडली. ही दाबून लहान करण्याची लायब्ररी. तिच्यावाचून गिट बांधलं जाणार नाही, हे पुस्तिका स्पष्ट सांगते, पण आधी कृती देऊन साहित्य मागून सांगते. खीर उकळायला लागल्यावर "दूध आवश्यक" असं लिहिण्यापैकी हा प्रकार. बरं, झेडलिब माझ्या यंत्रात होती! पुतण्या फोनवर म्हणाला, "लायब्ररी आहे, हेडर फाइली नाहीत. त्यांचं पॅकेज वेगळं असतं." म्हणजे मुलगी घरात, पण पत्रिका मामाकडे.

दुसऱ्या रात्री 'गेटटेक्स्ट'ने रुसवा धरला. हे संदेशांच्या भाषांतरासाठी लागतं. नको असेल तर 'नो गेटटेक्स्ट' लिहून पुढे बरोबरीचं चिन्ह आणि 'येस प्लीज' असं लिहायचं. नाही म्हणायचं, आणि वर "हो, कृपया" म्हणायचं! हेकटाचं नाव घेतलेल्या या घराण्यात इतकी अदब असेल असं वाटलं नव्हतं. लग्नाच्या बैठकीत नकार कळवायला हा नमुना उपयोगी पडेल.

तिसऱ्या रात्री सगळं बांधून झालं. 'गिट' म्हटलं, तर उत्तर आलं, अशी कमांड नाही. सूनबाई घरात आली होती, पण रेशनकार्डावर नाव चढलं नव्हतं. पुतण्या म्हणाला, "लॉगआउट करून परत या." गेलो, आलो, आणि तिने ओ दिली.

आता निकाल. 'इन्स्टॉल' खोटं बोलत नाही, हा तिचा मोठा गुण. वाचकाला पुतण्या आहे असं ती गृहीत धरते, हा तिचा मोठा दोष. जाणत्याने जाणत्यासाठी लिहिलेल्या गद्यात अडाण्याला उभं राहायला पायरी नसते. आपल्या समीक्षेतही ती नसते, म्हणून फार ओरडत नाही.

आणि अण्णा? त्यांचा पहिला खर्डा काही परत आला नाही. गिट आल्यानंतरचंच गिट सांभाळतं. ज्याची नोंदच नव्हती ते ते कुठून आणणार? मी पुन्हा लिहायला बसलो. राग आठवला, तंबाखूची चंची आठवली, सायकलची घंटा तर कानातच होती. पण त्या रात्रीची एक ओळ होती, अण्णांच्या हातांबद्दल, ती काही केल्या आठवली नाही.

हिने नवा लेख वाचला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तो रागाचा भाग जरा..." आणि थांबली. "राहू दे," म्हणाली.

गिट प्रत्येक टप्प्याला आपल्याकडून एक वाक्य मागतं, काय बदललं म्हणून. मी लिहिलं, 'अण्णा, रागासकट.'