डिस्क मोकळी करायची, पण कुठल्या निकषावर?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, आजचा विषय वरवर घरगुती वाटेल. घरच्या कॉम्प्युटरची डिस्क भरली की काय पुसायचं?

यावर मिळणारा सल्ला सगळीकडे साधारण सारखाच असतो. टेम्पररी फाइल काढा, रिसायकल बिन रिकामी करा, सगळ्यात मोठ्या फाइल शोधून उडवा, बरेच दिवस न उघडलेल्या उडवा, डुप्लिकेट उडवा आणि उरलेलं क्लाउडवर टाका. एखादा पेपर आपण जसा तपासतो तसा हा सल्ला तपासून बघू. तो कुणासाठी आहे? कुठल्या गृहीतकावर उभा आहे? आणि कुठे मोडतो?

माझं म्हणणं थोडक्यात असं: यातला अर्धा सल्ला चांगला आहे. उरलेला अर्धा संशोधकासाठी धोक्याचा आहे, कारण तो फाइलचा आकार आणि वय मोजतो. संशोधनात फाइलची किंमत ठरते ती एकाच प्रश्नावर: ही गेली तर पुन्हा तयार करता येईल का?

आधी चांगला अर्धा. टेम्पररी फाइल, ब्राउझरचा कॅश, विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर मागे राहणारं जुन्या विंडोजचं फोल्डर हे सगळं बिनदिक्कत काढा. ते जुनं फोल्डर मागच्या आवृत्तीवर परत जाता यावं म्हणून असतं, आणि विंडोज स्वतःही ते साधारण 10 दिवसांनी काढून टाकतं. हायबरनेशनची फाइल सहसा रॅमच्या 40 टक्क्यांच्या आसपास जागा घेते, म्हणजे 8 जीबी रॅम असेल तर तीनेक जीबी. हायबरनेट वापरत नसाल तर ती बंद करता येते. विझट्री किंवा विनडरस्टॅट यांसारखं साधन चालवलं की जागा कुठे गेली ते चित्रात दिसतं. आणि 500 जीबीची डिस्क 465 जीबीच दिसते म्हणून दुकानदारावर संशय घेऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या, एवढाच फरक.

या सगळ्या फाइलींत एक गोष्ट समान आहे. त्या गेल्या तरी मशीन पुन्हा बनवतं किंवा त्यांची गरजच उरत नाही. म्हणून इथे सल्ला बरोबर ठरतो. पण आता हाच सल्ला संशोधनाच्या फोल्डरला लावून बघा.

समजा, तुम्ही मिठबाव-तांबळडेगच्या किनाऱ्यावर रापणकारांच्या बोलीचा अभ्यास करताय. चाळीस तासांच्या मुलाखती आहेत. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ अशा वेव्ह फाइलला तासाला साधारण 1 जीबी लागतो. म्हणजे झाले 41 जीबी. त्याच मुलाखती 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीत केल्या तर जेमतेम 2.3 जीबीत बसतात. जागेचं चित्र बघणारा लगेच म्हणेल, वेव्ह उडवा, एमपीथ्री ठेवा, ऐकायला तर सारखंच येतं. ऐकायला येतं, खरं आहे. पण एमपीथ्री बनतानाच आवाजातला काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो. उद्या स्वरांची मोजमापं करायची झाली तर तो भाग परत कुठून आणणार? जागाच वाचवायची असेल तर फ्लॅकमध्ये करा. फाइल बरीच लहान होते आणि मूळ आवाज बिटन्‌बिट परत मिळतो.

आता उलट बाजू. याच फोल्डरमध्ये प्रात किंवा इलानमध्ये हाताने केलेल्या टिपणांच्या फाइल असतात. एकेक काही केबीची. जागेच्या चित्रात त्या ठिपक्याएवढ्याही दिसत नाहीत, पण त्यांत कित्येक आठवड्यांची मेहनत असते. संमतीपत्रांचे स्कॅन आणि ‘कोण बोलतंय, कुठलं गाव, किती वय’ हा तक्ता यांचंही तेच. आकारावरून किंमत ठरवणारं साधन इथे साफ आंधळं आहे.

वयाचा निकष तर याहून वाईट. विंडोजमधलं ‘स्टोरेज सेन्स’ तुम्ही पर्याय निवडलात तर डाउनलोड्समधल्या 30 किंवा 60 दिवस न उघडलेल्या फाइल आपोआप काढतं. ऑफिसातल्या माणसाला ते चालून जाईल. पीएच.डी. किमान तीन वर्षांची. पहिल्या वर्षी केलेलं रेकॉर्डिंग तिसऱ्या वर्षी, तिसरं प्रकरण लिहायला घेताना उघडलं जातं. तोपर्यंत बोलणारे आजोबा हयात असतीलच असं नाही. आणि हल्लीच्या एसएसडीवर पुसलेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळेल या भरवशावर राहू नका. ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेली जागा लवकरच खरोखर रिकामी केली जाते.

राहिला डुप्लिकेटचा मुद्दा. कार्ड फॉरमॅट केल्यावर बरेच रेकॉर्डर पुन्हा 0001 पासून नाव द्यायला लागतात. नाव एक, माणसं दोन! शिवाय खरोखर डुप्लिकेट असलेली दुसरी प्रत हाच कित्येकदा तुमचा एकमेव बॅकअप असतो. ‘डुप्लिकेट’ ठरवण्यात मोठ्या कंपन्याही चुकतात. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 चं अपडेट मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच थांबवावं लागलं, कारण काहींच्या डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमधल्या फाइल गायब झाल्या. सी ड्राइव्हवरची जागा वाचावी म्हणून लोक ही फोल्डरं दुसऱ्या ड्राइव्हवर वळवतात. मागे राहिलेली रिकामी, जादा फोल्डरं साफ करायला नवा कोड लिहिला होता. ज्यांच्या जुन्या फोल्डरात फाइल तशाच राहिल्या होत्या, त्यांच्या फाइलींसकट फोल्डर गेलं.

मोठ्या संस्थांचंही तेच. डिसेंबर 2021 मध्ये क्योतो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर जुन्या लॉग फाइल पुसणाऱ्या स्क्रिप्टमधल्या दोषामुळे 77 टीबी डेटा पुसला गेला. सुमारे 3.4 कोटी फाइल, 14 संशोधन गट. त्यातल्या चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता येण्यासारखा नव्हता. दोन्ही प्रकरणांत नुकसान केलं ते सफाईच्याच कोडने, हे लक्षात ठेवा.

‘मग क्लाउडवर टाका ना!’ गावात बसून हिशोब करा. अपलोडचा वेग 2 एमबीपीएस धरला तर 41 जीबी चढायला सलग 46 तास लागतात. पावसाळ्यात सलग 46 तास लाइट टिकणं हाच मुळात आशावाद. आणि क्लाउडचे नियम आपल्या हातात नसतात. शैक्षणिक संस्थांना गूगल अमर्याद जागा देत असे. 2021 मध्ये त्यांनी जाहीर केलं की 2022 पासून अख्ख्या संस्थेला मिळून मूळ मर्यादा 100 टीबी. क्लाउड ही एक प्रत म्हणून उत्तम, एकमेव प्रत म्हणून नको.

मग करायचं काय? पुसण्याआधी तीन ढीग करा.

पहिला ढीग, पुन्हा न होणारं: मूळ रेकॉर्डिंग, मूळ फोटो, हाताने केलेली टिपणं, संमतीपत्रं. याला हात लावायचा नाही. तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर. बाहेरच्या हार्ड डिस्कवर नेल्यावर चेकसम जुळवा, दोन-चार फाइल उघडून बघा, आणि मगच कॉम्प्युटरवरून काढा.

दुसरा ढीग, पुन्हा होईल पण वेळ लागेल: कच्च्या डेटावरून काढलेले आलेख, तुकडे केलेल्या ऑडिओ फाइल. त्या कशा बनवल्या ती कृती किंवा स्क्रिप्ट जपून ठेवली असेल तरच पुसा. कृती नसेल तर तो पहिला ढीग समजा.

तिसरा ढीग, सहज मिळणारं: सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर, नेटवर असलेले पेपर, सिनेमे. जागा बहुतेक वेळा इथेच अडकलेली असते. आधी हाच उपसा.

शेवटी टीका आपल्याच व्यवस्थेवर. डॉ. अ. मा. घाटगे यांचं ‘कुडाळी’ 1965 मध्ये आलं आणि बोलीच्या अभ्यासकाला आजही ते हाताशी लागतं. पण ‘वारो’ हा शब्द छापला की बोलणाऱ्याने ‘ओ’ किती लांबवला ते कागदावरून मोजता येत नाही. आज आपल्याकडे तो आवाज साठवायची सोय आहे, आणि तरी आपण जपतो ते मुख्यतः छापण्याजोगं. आपला प्रबंध शोधगंगेवर जातो आणि तिथे राहतो. ज्या आवाजांवर तो उभा आहे ते मात्र विद्यार्थ्याच्या घरच्या डिस्कवर, सिनेमांच्या शेजारी. झेनोडोवर एका नोंदीला 50 जीबीपर्यंत जागा फुकट मिळते, प्रवेश मर्यादितही ठेवता येतो. पण बोलणाऱ्यांची संमती आधीच घेतलेली हवी.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना चार ओळी जास्तीच्या लिहा: डेटा किती जीबी होईल, कुठे राहील, किती प्रती असतील, पदवीनंतर कुणाकडे जाईल. मार्गदर्शकांनी विचारलं नाही तरी लिहा.