मांडवगडची निळाई आणि आपली देवळे

धार-देवासकडे यात्रेस जाणारे आमचे वाचक देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी व चामुंडा यांचे दर्शन घेतात आणि धारहून मांडवगडही पाहून येतात. तेथील महालांच्या विस्ताराचे कौतुक सारेच करतात. भिंतींवरील झिलईदार फरशांच्या निळ्या अवशेषांपाशी मात्र थोडेच थांबतात. त्यांचे मोल जाणण्यासाठी प्रथम प्राचीन ईजिप्तकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

ईजिप्ती कारागीर ज्या द्रव्याचे मणी, पेले व पाणघोडे घडवीत, ती आपली चिनी माती नव्हे. गारेची पूड, थोडा चुना व खार यांचा तो लगदा. त्यांच्या एका रीतीत वाळताना खार पृष्ठभागी येई आणि भट्टीत वितळून त्याचीच झिलई होई; निळा रंग तांब्याचा. तेज बाहेरून माखलेले नव्हे, आतून उमटलेले. या द्रव्याचे त्यांचे नावच ‘झळाळणारे’ अशा अर्थाचे होते, आणि ती झळाळी त्यांस पुनर्जन्माची खूण वाटे. इ. स. पू. २६५० च्या सुमारास जोसर राजाच्या पिरॅमिडखालील दालनांत निळ्या-हिरव्या फरशा बसविल्या, त्या बोरूच्या चटयांचा भास व्हावा म्हणून. मृत राजाचा तो परलोकीचा वाडाच होता.

मांडवगडचे कसब निराळे, इराण व मध्य आशियाच्या परंपरेतले. विवेक मात्र तसाच. होशंगशहाच्या संगमरवरी मकबऱ्याच्या दाराशी निळ्या तारका. गियासुद्दीन खिलजीच्या (१४६९–१५००) काळच्या मानल्या जाणाऱ्या जहाजमहालावर निळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या खुणा. भिंत दगडाची, रंग रेषेपुरता. अलंकार म्हणजे ‘अलम्’ करणे, वस्तूस पुरते करणे, हा अर्थ येथे डोळ्यांना दिसतो.

आणि आपल्या देवळांत? जीर्णोद्धाराच्या नावाखाली कित्येक ठिकाणी गाभाऱ्याच्या जुन्या भिंतींवर न्हाणीघरास शोभतील अशा फरशा डकविल्या जातात. तेल, काजळी व अभिषेकाचे पाणी यांमुळे स्वच्छता कठीण होते, हे कारण खोटे नाही. पण फरशीआड ओल कोंडते, चुन्याचे सांधे कुजतात, कोरीव काम व एखादा शिलालेखही कायमचा झाकला जातो. झिलईस आमचा विरोध नाही. विरोध आहे तो दगडास लाज वाटल्यासारखे झाकण्यास. विश्वस्तांनी फरशीचा दर विचारण्यापूर्वी भिंत एकदा नीट धुऊन पाहावी. तिच्यात उणे काय आहे हे त्यानंतर ठरवावे.