सर्पचित्रांतील रेषा आणि रंग

अठराव्या शतकांत युरोपांत छापलेलीं, हातानें रंगविलेलीं सर्पचित्रें आज अनेक रसिकांच्या दिवाणखान्यांत चौकटींत बसलेलीं दिसतात. दूरदेशींचे विलक्षण प्राणी म्हणून त्यांचें कौतुक होतें. परंतु लंडनकरांस जी घोणस विलक्षण वाटली, ती वाशीमच्या शेतकऱ्यास चांगलीच परिचयाची आहे. तेव्हां या चित्रांची परीक्षा करण्याचा अधिकार आम्हां वऱ्हाडकरांस कांकणभर अधिकच आहे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

प्रथम या चित्रांची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरीत. त्यांत शाई भरून दाबयंत्रानें ओलसर कागदावर ठसा घेत. आणि मग रंगारी समोरच्या नमुन्याबरहुकूम एकेका प्रतीवर कुंचल्यानें जलरंग भरीत. म्हणजे रेषा सर्व प्रतींत एकच, रंग मात्र हात बदलेल तसा बदलणारा. त्यांतून मद्यार्कांत ठेविलेल्या सापाचा मूळ रंग उडून जातो, आणि रंगाऱ्यानें तर तो साप बहुधा जिवंत पाहिलेलाही नसे.

म्हणून केवळ रंगास भुलणें धोक्याचें. आम्सटरडॅमचा औषधविक्रेता आल्बर्टस सेबा याच्या संग्रहाचे चार खंड १७३४ ते १७६५ या काळांत निघाले. त्यांतील साप वेलबुट्टीप्रमाणें पानभर वेटोळीं घालून पसरले आहेत. शोभेच्या दृष्टीनें त्यांस तोड नाहीं. पण त्याच ग्रंथांत हँबर्ग येथील सप्तमुखी सर्पही तितक्याच डौलानें विराजमान आहे! १७३५ मध्यें लिनियसनें तो प्रत्यक्ष पाहिला आणि सस्तन प्राण्यांचे जबडे व सापाचें कातडें जोडून केलेली ती लबाडी असल्याचें उघडकीस आणलें. म्हणजे रेषासुद्धां तेव्हांच खरी, जेव्हां तिच्यामागें पारखी डोळा असेल.

असा डोळा पॅट्रिक रसेल याचा होता. हा वैद्य १७८५ पासून मद्रासेस ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गशास्त्रज्ञ होता. हिंदी सर्पांवरील त्याचा ग्रंथ १७९६ मध्यें लंडनास प्रसिद्ध झाला. विषारी व बिनविषारी साप लोकांस ओळखतां यावे, हा त्याचा हेतु. त्याच्या पानांवर साप कोऱ्या कागदावर एकटाच पडलेला. भोंवतीं ना गवत, ना दगड. सेबाच्या मानानें हें रुक्ष वाटेल. परंतु रसेलनें पोटाखालचे व शेपटीखालचे खवले मोजून त्यांची गणती दिली, आणि तेलुगु लोकांचीं नांवें टाकून न देतां तींच ग्रंथांत घेतलीं. घोणस त्याच्या ग्रंथांत ‘कटुक रेकुल पोडा’ आहे. पट्टेरी मण्यारास त्यानें दिलेल्या नांवांतील ‘बंगारु’ म्हणजे सोनें. मण्यारांच्या सबंध कुळाचें ‘बंगारस’ हें शास्त्रीय नांव त्यावरूनच पडलें.

या रुक्षतेचें मोल शेतांत कळतें. घोणस आणि निरुपद्रवी डुरक्या घोणस, मण्यार आणि निरुपद्रवी कवड्या, या जोड्यांत रंगावरून गफलत सहज होते. उलगडा होतो तो आकृतीवरून. घोणशीच्या पाठीवर कडा असलेल्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. डुरक्याचे डाग वेडेवाकडे व शेपटी आंखूड. मण्याराच्या कण्यावरून मोठ्या षट्कोनी खवल्यांची ओळ जाते. कवड्यास ती नसते. हीं सारीं लक्षणें रेषेचीं आहेत. हात बदलला तरी तीं पुसलीं जात नाहींत.

म्हणून जुने ग्रंथ फोडून सुटीं पानें विकण्याची रीत आम्हांस खटकते. पान भिंतीवर येतें, आणि सापाचें देशी नांव, खवल्यांची गणती व विषाची माहिती मागें राहते. जें ज्ञान माणसांचे प्राण वांचावे म्हणून जमविलें, त्याची केवळ नक्षी उरते. चित्र अवश्य लावावें. पण त्याच्यासोबतचा मजकूरही मिळवून वाचावा, आणि मग एकदां रंग विसरून खवल्यांकडे पाहावें. रसेलची खरी कारागिरी तेथें आहे.