नाव आणि व्यापार : गतिमर्यादक लायब्ररींतील फंक्शननामांचा विचार

संगणकीय सेवेकडे येणाऱ्या विनंत्यांचा वेग आटोक्यात ठेवणाऱ्या लायब्ररींचे गणित बहुधा साधे असते. ठराविक गतीने टोकनांनी भरणारी एक बादली आणि प्रत्येक विनंतीगणिक तीतून उचलले जाणारे एक टोकन, एवढाच त्याचा आधार. अशा लायब्ररीची खरी कसोटी तिच्या फंक्शनांच्या नावांत लागते. कारण वापरणारा आतील गणित क्वचितच पाहतो, नाव मात्र प्रत्येक वेळी वाचतो.

गो भाषेच्या 'रेट' या पॅकेजात अलाउ, रिझर्व्ह व वेट अशी तीन प्रमुख फंक्शने आहेत. पैकी वेट हे नाव निर्दोष होय. थांबणे हा व्यापार त्यात उघड आहे. अलाउविषयी तसे म्हणता येत नाही. केवळ होय-नाही असे उत्तर देणारे हे फंक्शन पृच्छेसारखे भासते. वस्तुतः होकार देताना ते टोकन खर्ची घालते. बादलीत ५ टोकने असता एकाच क्षणी आलेल्या प्रत्येक विनंतीसाठी ते दोनदा, एकदा नोंदीकरिता व एकदा निर्णयाकरिता, वापरले, तर २ विनंत्याच पार पडतील. तिसरीस नोंदीत होकार आणि प्रत्यक्षात नकार मिळेल. तीनही फंक्शने टोकन खर्चतात, असे पॅकेजच्या प्रास्ताविकात म्हटले आहे खरे. परंतु प्रास्ताविक एकदाच वाचले जाते.

पृच्छा व आज्ञा पृथक् असाव्यात, हे तत्त्व बर्ट्रंड मेयर यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. ते येथे जसेच्या तसे लावणे मात्र युक्त नव्हे. विचारणे आणि घेणे यांत अंतर पडल्यास मधल्या क्षणी दुसरीच प्रक्रिया टोकन उचलील. तेव्हा दोन्ही क्रियांचा संयोग आवश्यकच आहे. दोष आहे तो त्या संयोगावर पांघरूण घालणाऱ्या नावाचा.

जावा भाषेसाठी रचलेल्या ग्वावा लायब्ररीतील 'ट्राय-ॲक्वायर' हे नाव या दृष्टीने सरस ठरते. मराठीतील 'घेऊन पाहणे' या प्रयोगाप्रमाणे त्यात प्रयत्न आणि परिणाम दोन्ही सूचित होतात. उलटपक्षी तिथलेच 'ॲक्वायर' परवाना मिळेपर्यंत थांबते, पण नावात थांबण्याचा मागमूसही नाही. गोमधील रिझर्व्ह तर स्वतः थांबत नाही. किती थांबावे एवढेच सांगणारे आरक्षण हाती देते. ते दुर्लक्षिले, तर मर्यादा नावापुरतीच उरते.

सारांश, टोकन खर्च होते काय आणि थांबावे कोणी, या दोन प्रश्नांची उत्तरे नावानेच द्यावयास हवीत. एकदा रूढ झालेले नाव बदलणे दुष्कर असल्याने हा विवेक आरंभीच व्हावा, हे उचित.