प्रतिस्थापनातील अपयश : दोष की अप्राप्ती?

सी प्लस प्लस भाषेचा कंपायलर एकाच नावाच्या अनेक फंक्शनांतून एकाची निवड करतो. त्यांपैकी एखादे टेम्प्लेट, म्हणजे साचा असेल आणि दिलेला प्रकार त्याच्या शीर्षात बसत नसेल, तर ती चूक न मानता कंपायलर तो उमेदवार मुकाट्याने वगळतो. डेव्हिड व्हॅन्डेव्हूर्ड यांनी या नियमास ‘स्फिने’ ही आद्याक्षरी संज्ञा दिली. हेच अपयश फंक्शनाच्या देहात उद्भवले, तर मात्र संकलन थांबते.

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास ही व्यवस्था अपरिचित वाटू नये. पाणिनीच्या 1.4.2 या सूत्राप्रमाणे तुल्यबल नियमांच्या विरोधात नंतरचा नियम प्रवृत्त होतो. परंतु विरोध संभवण्यास प्रथम दोहोंची प्राप्ती हवी. नागेशभट्टांच्या ज्या ‘परिभाषेन्दुशेखरा’चे संपादन कीलहॉर्न यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना केले, त्यातही नियमांच्या बलाबलाचा विचार आहे. ‘स्फिने’ हा बलाबलाचा नव्हे, प्राप्तीचा नियम होय. बलाबल पुढील पायरीवर ठरते. तेथे अधिक विशिष्ट साचा अपवादाप्रमाणे सामान्य साच्यास बाधतो. तुल्यबलांत मात्र येथे ‘पर’ जिंकत नाही. संदिग्धता ही चूकच ठरते.

साम्य येथवरच. डिसेंबर 2016 मध्ये रोकडरहित गाव म्हणून गाजलेल्या, मुरबाड तालुक्यातील धसईच्या बाजारपेठेसाठी जमाखर्चाची आज्ञावली लिहावयाची आहे, असे मानू. एक साचा कार्डक्रमांक हा घटक असलेलेच प्रकार स्वीकारतो. दुसरा, दुय्यम साचा उरलेले सर्व व्यवहार रोख म्हणून नोंदवितो. पहिल्याच्या शीर्षात घटकाचे नाव एका अक्षराने चुकले, तर कार्डाचा व्यवहारही त्यास अप्राप्त ठरतो आणि रोखीच्या खाती पडतो. संकलन निर्विघ्न पार पडते. अप्राप्ती आणि लेखनदोष यांत कंपायलर भेद करू शकत नाही, हे या नियमाचे खरे वैगुण्य आहे.

2011 च्या प्रमाणग्रंथाने नियमाची व्याप्ती पदावलींपर्यंत स्पष्ट केली. 2020 च्या ग्रंथाने ‘कॉन्सेप्ट’ आणून अटीस नाव दिले. त्यामुळे शीर्षे वाचनीय झाली, परंतु अटीतच अक्षर चुकले तर ती निमूटपणे असत्य ठरते. म्हणून अभिप्रेत प्रकार ती अट खरोखर पुरी करतो, हे ‘स्टॅटिक असर्ट’ने स्वतंत्रपणे वदवून घेणे अगत्याचे आहे. वैयाकरण सूत्रासोबत उदाहरण देतो, ते याचसाठी. मौन हे निवडीचे साधन म्हणून उपयुक्त आहे; शुद्धतेचे प्रमाण म्हणून ते स्वीकारता येणार नाही.