मौन, संमती आणि अविश्वास

विनयपिटकातील संघकर्माची रीत प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. संघापुढे प्रस्ताव आला म्हणजे आधी त्याची ज्ञप्ती मांडली जाते. महत्त्वाच्या कर्मात त्यानंतर तीन वेळा घोषणा होते. ज्यांना प्रस्ताव मान्य असेल त्यांनी मौन राहावे, ज्यांना अमान्य असेल त्यांनी बोलावे, असे प्रत्येक वेळी आवाहन केले जाते. त्यानंतरचे मौन ही संमती होय. बोलण्याचे द्वार तीनदा उघडून दाखविलेले असते, म्हणूनच त्या मौनाला मोल आहे. द्वार बंद करून मिळविलेले मौन संमती नसते. तो साठत जाणारा अविश्वास असतो.

'रिडल्स इन हिंदुइझम' या ग्रंथाच्या प्रकरणास हीच कसोटी लावली पाहिजे. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या चौथ्या खंडात हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील राम व कृष्ण यांच्या चरित्रांची चिकित्सा करणाऱ्या परिशिष्टास शिवसेना आदींनी विरोध केला आणि शासनाने ते वगळण्याचा पवित्रा घेतला. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आंबेडकरी जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेरीस परिशिष्ट कायम राहिले. मात्र त्यातील मतांशी शासन सहमत नाही, अशी टीप त्यास जोडण्यात आली.

हा क्षोभ केवळ काही पृष्ठांसाठी होता, असे मानणे उथळपणाचे ठरेल. १९५६ च्या महापरिनिर्वाणानंतर बाबासाहेबांची अनेक हस्तलिखिते दीर्घकाळ अप्रकाशितच राहिली होती. अशा वाचकापुढे एक परिशिष्ट गाळण्याची भाषा होताच सर्व खंडांच्या अखंडतेविषयी शंका उत्पन्न होणे अपरिहार्य होते. दुसऱ्या बाजूचेही समाधान झाले नाही. कारण वगळणे म्हणजे खंडन नव्हे. युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर मिळाले नाही म्हणजे दोन्ही पक्ष संशय घेऊनच घरी जातात.

शासनाची टीपही सदोष आहे. प्रकाशकाने एकाच प्रकरणाशी असहमती नोंदविली, तर उर्वरित ग्रंथाशी तो सहमत आहे काय, हा प्रश्न उरतो. तथापि संहिता वाचली आणि मतभेद उघडपणे नोंदला गेला, एवढे श्रेय त्या तोडग्यास द्यावे लागेल.

याहून उच्च आदर्श खुद्द बाबासाहेबांनीच घालून दिला होता. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांच्या अध्यक्षीय भाषणातील विचारांवर आक्षेप घेतला; बाबासाहेबांनी ते बदलण्यास नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले व मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही वाचकांपुढे ठेवला. गांधीजींनी 'हरिजन'मधून टीका केली, तेव्हा १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती टीका आणि तिचे उत्तर अशी दोन्ही छापली. ज्या ग्रंथकाराचे भाषण रोखले गेले, त्याने आपल्या प्रतिपक्षाचा शब्द मात्र रोखला नाही. या ग्रंथाचा प्रभाव टिकण्याचे हेही एक कारण आहे, असे आमचे मत आहे.

हा निकष केवळ शासनाला लावून आपली सुटका होणार नाही. आपल्या विहारांत, संस्थांत आणि सभांत असहमतीचा स्वर उठताच त्यास 'धम्मद्रोह' म्हणून गप्प करण्याची प्रवृत्ती दिसते. कालामांना परंपरेच्या वा गुरूच्या अधिकारावर विसंबू नका असे सांगणाऱ्या तथागतांच्या अनुयायांना हे शोभत नाही. प्रतिकूल मत ऐकावे, नोंदवावे आणि त्याचे सप्रमाण उत्तर द्यावे. त्यानंतर सभेत जे मौन पसरेल, त्यालाच संमती म्हणण्याचा अधिकार आपणांस पोहोचतो.