दूरची पंगत : तोगा आणि औंढा

जपानच्या तोयामा प्रांतात, डोंगरांच्या बेचक्यात तोगा नावाचे गाव आहे. हिवाळ्यात तिथे माणूस बुडेल इतके बर्फ साठते. वस्ती काही शेंवर आली आहे. १९७६ साली तादाशी सुझुकी हे दिग्दर्शक आपली नाटकमंडळी घेऊन टोकियोहून या गावात आले, तेव्हापासून जगभरच्या रंगकर्मींना तोगा ठाऊक आहे. २०२० साली एइजी तानिगुची या बल्लवाचार्यांनी आपले ‘लेव्हो’ हे उपाहारगृह तोयामा शहरातून उचलून इथे आणले आणि शेजारी मुक्कामासाठी मोजकी घरे बांधली. त्यांचे शिक्षण फ्रेंच पाककलेचे. पण शिजते ते भोवतालच्या डोंगरातले. रानभाज्या, नदीतले मासे, शिकाऱ्यांनी आणलेले अस्वलाचे आणि रानडुकराचे मांस.

अशा जेवणाच्या तीन अटी असतात. लांबून यायचे, रात्री राहायचे, आणि यजमान वाढील ते खायचे. आजची खाद्यसमीक्षा या तिन्ही अटींचे कौतुक करते आणि मग चवीकडे वळते. मला इथे चवीआधीचा एक प्रश्न विचारायचा आहे. या पंगतीत कोण बसते, आणि कोणाचे अन्न वाढले जाते? मराठीत पंगतीतल्या दुजाभावासाठी ‘पंक्तिप्रपंच’ असा नेमका शब्द आहे. जेवणाच्या समीक्षेत तो वापरला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

जपानी परंपरेला हा प्रश्न परका नाही. आज ज्या ‘काइसेकी’ जेवणाचा महागड्या सरायांत थाट असतो, त्याचे एक मूळ चहाच्या समारंभाआधीच्या साध्या जेवणात आहे: भात, एक सार आणि तीन पदार्थ. तो शब्द ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘उराशी धरलेला दगड’ असा होतो. भूक मारण्यासाठी झेन भिक्षू ऊन दगड पोटाशी धरत, अशी त्यामागची कथा. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांनी या समारंभाला वळण दिले. क्योतोजवळच्या यामाझाकीत त्यांची मानली जाणारी ‘ताइआन’ ही दोन चटयांची खोली आजही उभी आहे. तिचे दार जेमतेम अडीच फुटांचे. सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून, गुडघ्यांवर रांगतच आत जावे लागे. त्या दाराने बाहेरची उतरंड मोडली नाही, हे खरे. पण निदान आत बसेपुरती ती बाहेर ठेवायला लावली. आजच्या दूरच्या सरायांना वेगळे दार आहे, किमतीचे. त्या दारात खिसा रिकामा असलेला माणूस बाहेरच राहतो.

हा प्रश्न घेऊन मी हिंगोली जिल्ह्याकडे वळतो, कारण त्या तिन्ही अटी पाळणारी माणसे इथे शतकानुशतके येत आली आहेत. औंढा नागनाथाला आणि नरसी नामदेवला येणारा यात्रेकरू लांबून येतो, मुक्काम करतो आणि पंगतीत पडेल ते प्रसाद म्हणून खातो. त्याला मोल नसते आणि निवडही नसते. शिवाय या जिल्ह्याला पंक्तिप्रपंचाच्या समीक्षेचीही परंपरा आहे. नरसी हे परंपरेनुसार नामदेवांचे गाव. औंढ्याची कथा सर्वांना ठाऊक आहे: देवळापुढे कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागच्या बाजूला हाकलले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. रिक्यूंच्या खोलीत पाहुण्याला वाकावे लागते. औंढ्याच्या कथेत वास्तूलाच वळावे लागते.

संतांच्या कथांत जेवणाचे प्रसंग वारंवार येतात. बाळ नामदेव नैवेद्य घेऊन जातो आणि देव जेवत नाही म्हणून डोके आपटायला निघतो. चोखोबांच्या घरी विठ्ठल जेवायला बसतो, वाढताना दही पीतांबरावर सांडते, ते ऐकून बडवा चोखोबांच्या मुस्कटात मारतो आणि सूज देवाच्या गालावर उमटते. दोन्ही कथांत ताटात काय होते यापेक्षा शेजारी कोण बसले होते, याला महत्त्व आहे. ही दृष्टी मोठीच आहे. पण तिच्यात एक उणीवही आहे. भक्तीने पाहुण्यांची जागा बदलून पाहिली, चोखोबांच्या घरी रोज काय शिजत होते ते मात्र नोंदवले नाही.

ती नोंद व्हायला २०१५ साल उजाडावे लागले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवरचे पुस्तक. त्याचे नावच एका प्रतिष्ठित वचनाला दिलेले उत्तर आहे. उन्हात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, शिजवलेले रक्त म्हणजे रक्ती, चवीपेक्षा टंचाईने शिकवलेल्या युक्त्या या पुस्तकात कागदावर आल्या. त्याच वर्षी राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हणजे पदार्थाची कृती छापली गेली तेव्हाच त्याचा एक कच्चा माल बेकायदा ठरला.

इथे तोगाशी खरी तुलना सुरू होते. बर्फाच्या मुलखाने खारवून, आंबवून, वाळवून अन्न टिकवले. अवर्षणाच्या मुलखाने तेच उन्हाच्या बळावर केले. एका मुलखाची गरज जगभर नावाजली जाणारी पाककला झाली, दुसऱ्याची लाज म्हणून झाकली गेली. हा फरक केवळ जपान आणि मराठवाडा असाही मांडता येत नाही. कत्तलीची आणि कातड्याची कामे करणाऱ्या जपानी समूहांनाही अस्पृश्यता भोगावी लागली. १८७१ साली कायद्याने त्यांचा हीन दर्जा रद्द झाला, भेद उरला. ओसाकाकडच्या अशा वस्तीत जन्मलेल्या योशिहिरो उएहारा यांनी २००५ साली त्या ताटावर पुस्तक लिहिले. आतड्यांतली चरबी तळून काढल्यावर उरणारा ‘अबुराकासु’ हा त्या घरांतला पदार्थ. शिकाऱ्याने आणलेल्या अस्वलाला मान आणि खाटकाकडच्या आतड्यांना नाही, हा पंक्तिप्रपंच तिथलाही आहे.

उद्या कोणी हिंगोलीच्या एखाद्या आडगावात अशी सराय काढली, तर तिच्या पदार्थांच्या यादीत पहिले नाव कशाचे असेल याचा अंदाज अवघड नाही. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिचा पिवळा रंग प्रत्येक ताटात दिसेल. ज्वारीची भाकरी, ठेचा, पिठले येईल, पितळी ताटे येतील. हे सगळे इथलेच आहे, आणि तरीही ते निवडलेले इथले आहे. हळद शिजवणाऱ्या, वाळवणाऱ्या मजुराचा डबा त्या यादीत आला नाही, तर त्या जेवणाला स्थानिक म्हणण्याआधी समीक्षकाने थांबावे. लांबून आलेल्या पाहुण्याला यजमान आपले सर्वोत्तम वाढतो, हे योग्यच आहे. पण ‘सर्वोत्तम’ कोणी ठरवले, एवढे त्याला विचारता आले पाहिजे. औंढ्याच्या कथेतले देऊळ ज्या बाजूला वळले, ती बाजू पदार्थांच्या यादीत अजून आलेली नाही.